विरकोंडचं आधण

जपून या पावण्यांनो, कातळ निसरडा आहे. झऱ्याच्या कडेला वाफ दिसते ना, त्या गरम पाण्याच्या कुंडाला बाहेरचे लोक उन्हाळं म्हणतात. विरकोंडात त्याचं नाव आधण. तुमच्याकडे आता कुकर. शिट्ट्या झाल्या की भात, तेव्हा हा शब्द विसरलात तर नवल नाही. भात रांधायला चुलीवर आधी नुसतं पाणी ठेवायचं, ते खळखळा उकळू द्यायचं, ते आधण. मग त्यात धुतलेले तांदूळ हलक्या हातानं सोडायचे, त्याला म्हणतात वैरणं. हे आधण मात्र चुलीवाचून ठेवलं गेलं, आणि ते ठेवलं धुरपा नावाच्या बाईनं, असं जुनी माणसं सांगत आली.

धुरपा विधवा. ओढ्यापलीकडे एकटीच राहायची. जीभ अशी तिखट की तिच्या वाटेला जाताना कुत्रंही विचार करी म्हणे! त्या वर्षी घाट उतरणाऱ्या एका जथ्याला पटकीनं, म्हणजे कॉलऱ्यानं गाठलं, आणि भेदरलेल्या सोबत्यांनी एका गरोदर बाईला वाटेतच टाकलं. धुरपानं तिला घरी आणली. झालं! गावकर, म्हणजे गावचा प्रमुख, धर्माजी; त्यानं गाव गोळा केलं आणि धुरपाला वाळीत टाकलं. तिला पाणी द्यायचं नाही, विस्तव द्यायचा नाही. काडेपेटी कुठली त्या काळात? चूल विझली की शेजारचा निखारा, दुसरा इलाज नाही. धर्माजी वाईट नव्हता हो. आदल्या साली पटकीनंच त्याचा थोरला मुलगा नेला होता. भ्यालेला होता बिचारा.

पुढं आषाढाची झड लागली. झोपडी गळू लागली, चूल विझली, आणि नेमकी तेव्हाच ती बाई बाळंत झाली. अंग गार पडलं, डोळे उघडेनात, छातीला दूध येईना. पोटात गरम पेज गेली नाही तर मायलेकरू दोन्ही जाणार, हे धुरपाला दिसत होतं. निखारा आणायला पदराखाली शेणी, वाळकी गोवरी, धरून ती भर पावसात दारोदार फिरली. एकही दार उघडलं नाही. एका घरात तर फटीतून चुलीतला जाळ दिसत होता म्हणे.

ती परतली. रडली मात्र नाही. मडक्यात पाणी भरून तिनं ते या इथं ओल्या कातळावर ठेवलं आणि गावदेवी वाघजाईला सुनावलं, "आये, माणसांनी दारं लावली. तुलाही लावायचं असेल तर तसं तोंडानं सांग. मी आधण ठेवलंय. बाळंतिणीला पेज पाजल्याशिवाय मीही तोंडात घास घालायची नाही."

तर म्हणे कातळ चरचरला, खालून पाणी उसळलं आणि मडकं खदखदू लागलं. धुरपानं तांदूळ वैरले. दुपारपर्यंत बाईला घाम फुटला, दूध आलं, पोर लुचू लागलं.

वाफ पाहून गाव धावलं. पुढं धर्माजी, हातात नारळ. चूक झाली, वाळीत टाकलेलं मागं घेतो, म्हणाला.

धुरपा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "नारळ राहू दे. तांदूळ आण. तूच वैर, आणि तुझ्याच हातानं तिला पाज."

धर्माजीच्या तोंडचं पाणी पळालं. पटकीच्या घरात पाऊल टाकायचं! पटकीनं नेलेला पोर त्याच्या डोळ्यांपुढं आला. तरी त्यानं पेज रांधली, उंबरा ओलांडला आणि बाईपुढं द्रोण धरला. मग हळूच विचारलं, "बाय, तू कुठली? नाव काय तुझं?"

"आधी जेवू दे तिला," धुरपा करवादली. "भुकेल्याला कसलं नाव विचारतोस?"

बाई पेज प्यायली आणि धर्माजीच्या पायांवर डोकं ठेवून ढसाढसा रडली. तोही रडला. पुढं ती बरी झाली आणि लेकराला घेऊन आपल्या वाटेनं गेली. नाव मात्र राहूनच गेलं. या गावानं इतक्या पिढ्या तिची गोष्ट सांगितली, पण ते कोणालाच ठाऊक नाही.

आजही विरकोंडात परका माणूस आला, शाळेचा मास्तर असो की वाट चुकलेला, की घरचा कर्ता पुरुष स्वतः या आधणात तांदूळ वैरून त्याला पेज नेतो. ती पिऊन होईस्तोवर नाव, गाव, जात काही विचारत नाही. तुम्हालाही मघापासून कोणी विचारलेलं नाही, बघा. बसा. पेज होतच आली आहे.