डोकं दुखणारं गाव

फार पूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात जो तो डोकं दुखतं म्हणायचा.

तिथे एक वैद्य होता. हुशार, मनाने चांगला आणि भारी चौकस. तो ओसरीवर गादी टाकून बसायचा. समोर रोगी दाटीवाटीने बसलेले असायचे आणि एकाचं चाललं की बाकीच्यांचे कान तिकडेच.

"बोला, काय होतंय?" वैद्य विचारायचा.

"डोकं दुखतंय," रोगी म्हणायचा. पुढचाही तेच सांगायचा.

वैद्याला कोडं पडलं. एका गावात इतकी डोकी का दुखावीत? त्याने विहिरीचं पाणी चाखून पाहिलं. लोकांना पागोटी सैल बांधायला लावली. घरोघरी जाऊन चुलींचा धूर पाहिला. काही सापडेना. सुंठीचा लेप उगाळून त्याचेच हात दुखू लागले.

या रोग्यांत एक न्हावी होता. बायकापोरांचं पोट त्याच्या वस्तऱ्यावर चालायचं, पण हल्ली तो गिऱ्हाइकांना परत पाठवायचा. एक दिवस तो म्हणाला, "वैद्यबुवा, डोकं दुखायचं काही थांबत नाही. हत्यारं विकून परगावी मजुरीला जावं म्हणतो."

डोकेदुखीसाठी कोणी धंदा सोडतं का? वैद्याला नवल वाटलं, पण तोवर पुढचा रोगी सरकून बसला होता.

त्यातच वैद्याला गळू झालं. तेही बसायच्या जागी, जिथे स्वतःला पाहता येईना. तो शेजारच्या गावच्या वैद्याकडे गेला. तिथलीही ओसरी भरलेली होती.

"बोला, काय होतंय?" त्या वैद्याने मोठ्याने विचारलं. सगळ्या माना वळल्या.

आपला वैद्य घसा खाकरून म्हणाला, "डोकं दुखतंय."

बोलला आणि स्वतःच दचकला. कपाळावर लेप घेऊन तो उभाच राहिला. सगळे गेल्यावर त्याने हळूच खरं सांगितलं, तेव्हा कुठे गळवाला औषध मिळालं. परतताना त्याला वाटेत हसू फुटलं. मग न्हावी आठवला आणि फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्याने रोग्यांना आवाराबाहेर चिंचेखाली बसवलं. एकेकाला आत घेऊन तो दार लोटू लागला. न्हावी आला.

"डोकं..."

"ते राहू दे," वैद्य म्हणाला. "काल मी गळू लपवून डोकं दुखतं म्हणून सांगितलं. आता तुझं सांग."

न्हावी उठला, दार नीट लोटलंय ना ते पाहून परत येऊन बसला. वैद्याने घाई केली नाही. शेवटी न्हाव्याने दोन्ही हात पुढे केले. ते थरथरत होते.

"तापातून उठलो तेव्हापासून असं होतंय. लोकांना कळलं तर माझ्या वस्तऱ्याखाली मान कोण देईल?"

"मला तरी सांगायचंस."

"कसं सांगणार? सगळे ऐकत होते."

वैद्याने हात नीट तपासले. "तापाचा अशक्तपणा आहे. जाईल. पण हत्यारं विकू नकोस."

औषध लागू पडलं. पुढे एका सकाळी वैद्य भर चावडीसमोर न्हाव्यापुढे दाढीला बसला, चांगली मांडी घालून. वस्तरा गळ्यावरून सरळ फिरला. पाहणाऱ्यांतले दोघे तिथेच आपल्या पाळीसाठी बसले.

त्यानंतर गावात डोकी फारशी दुखली नाहीत.

तात्पर्य: दुखणं विचारण्याआधी, ते मोकळेपणी सांगता येईल अशी जागा आणि तेवढा वेळ द्यावा.