दोरीला काय हवं?

एक होता राजा, आणि तो बसला होता ताडाच्या शेंड्यावर. हसता काय? खरंच बसला होता. त्याने एका राक्षसाला सारीपाटात हरवलं, बरं का. राक्षस असा चिडला! त्याने राजाला उचलून ताडावर ठेवलं आणि म्हणाला, "हा ताड आता रोज वाढेल. पौर्णिमेला चंद्राला टेकेल. मग राहा तिथेच!" आणि पाय आपटत निघून गेला.

राजाला एकच मुलगी. नाव अबोली, पण तोंड घडीभर मिटेल तर शपथ. ती खालून बोलत राही, राजा वरून हाका मारी. पण ताड वाढला तशी हाक बारीक होत गेली. मग मात्र अबोलीला रडू फुटलं. बाबांशिवाय तिला घास उतरेना.

तिच्याकडे आईचं जुनं धनुष्य होतं. त्याची दोरी होती अंबाडीच्या सुताची, आणि ती चक्क बोलायची! अबोलीने ठरवलं, बाणाला बारीक सूत बांधून बाण शेंड्यावर सोडायचा. सुताला खाली जाड दोर बांधला, की बाबा तो वर ओढून घेतील आणि धरून उतरतील. तिने धनुष्य ताणलं, तर दोरी करकरली.

"अगं, मी किती कोरडी पडलेय! मला काहीतरी लाव, नाहीतर तुटेन."

"लावते हं, राणी," अबोली म्हणाली. अबोलीला आवडायचं तूप. मग तिने लावलं लोणकढं तूप, चांगलं बोट बोट. घमघमाट सुटला! ती जेवायला वळली, तेवढ्यात आले उंदीर. दोरी कुरतडली आणि पसार! अबोलीने कपाळावर हात मारला आणि नवं सूत घालून पुन्हा पीळ दिला.

मग तिने लावला मध. तोही तिच्या आवडीचाच. झालं, मुंग्यांची ही रांग! तरी तिने बाण सोडला. तर तो दोरीलाच चिकटला आणि टपकन तिच्या पायाशी पडला.

"अगं वेडाबाई," दोरी म्हणाली, "तुला आवडतं ते मला कशाला? मला काय हवं, ते विचारलंस का कधी?"

अबोली एकदम गप्प झाली. हो, अबोलीच! मग हळूच म्हणाली, "काय हवं गं तुला?"

"मेण. मधमाश्यांचं."

मग तिने दोरी धुतली, सावलीत वाळवली आणि गेली मधमाश्यांकडे. राणीमाशी म्हणाली, "ते रिकामं पोळं घेऊन जा. पण मेण नुसतं फासू नकोस हो. बोटं गरम होईपर्यंत चोळ, म्हणजे ते आत मुरेल." अबोलीने चोळ चोळ चोळलं. बोटं लाल झाली. आणि दोरी आनंदाने गुणगुणायला लागली.

तोवर पौर्णिमा आली की! चंद्र अगदी ताडाजवळ आला. राजाने घाबरून पाय पोटाशी घेतले. अबोलीने नेम धरला. टणण्! बाण गेला तो थेट राजाच्या पागोट्यात घुसला. राजाने सूत ओढलं, मग दोर ओढला, शेंड्याला बांधला आणि सरसर खाली आला. अबोली त्याला अशी बिलगली की सोडेचना.

राजा म्हणाला, "हे धनुष्य दरबारात टांगा. असंच ताणलेलं, ऐटीत!"

"थांबा बाबा. आधी दोरीला विचारते," अबोली म्हणाली.

दोरी म्हणाली, "मला उतरव बाई. फार वेळ ताणून राहिलं की माझंही अंग दुखतं आणि धनुष्याचीही पाठ."

मग अबोलीने दोरीचं एक टोक हळूच सोडवलं. धनुष्य सैल झालं. दोघं गाढ झोपी गेली. राक्षस काही पुन्हा डाव मांडायला आला नाही, आणि बापलेक सुखात राहिले.

चला, आता तुमच्याही दोऱ्या उतरवूया. पाय सैल सोडा. हात सैल. डोळे मिटा. झोपा बघू.