फोटोला पुरणपोळी

रोग्याच्या फोटोवर हात फिरवून आजार पळवणारे तरंगानंद महाराज इंगवल्यांकडे थाटात जेवायला बसले होते. त्यांच्या नादाने घरच्यांनी थोरल्या सुनेच्या, मालनच्या, टायफॉइडच्या गोळ्या बंद केल्या होत्या आणि ताप चढतच होता. ‘गुण का येत नाही?’ विचारलं, की महाराज उलट खेकसत, “तुमची श्रद्धा कमी पडते!”

मालनची सासू द्वारकाबाई पुरणपोळीचं ताट घेऊन आली. ते तिने भिंतीवरच्या महाराजांच्या फोटोला दाखवलं, भोवती पाणी फिरवलं आणि उचलून आत निघाली.

“अहो, मला वाढा की!”

“जेवलात की आत्ता! फोटोवरून ताप उतरतो, तर पोट का भरणार नाही? द्या बघू ढेकर.”

महाराजांच्या पोटात कावळे ओरडत होते. ढेकर कुठून येणार?

द्वारकाबाईने आत हाक मारली, “मालन, गोळी घे गं. महाराजांचीच श्रद्धा कमी पडली!”