रिबकाबाईच्या पाळीची भाकर

"पण ते शब्द माझे नव्हतेच, बाबा. पवित्र आत्म्यानं वदवलं, मी बोललो. मग दोष माझा कसा?"

मत्तयबाबा ओसरीवर लसूण सोलत बसले होते. मोतीबिंदूनं डोळे अधू झाल्यापासून हाताला काहीतरी चाळा लागायचा. त्यांनी मान वर केली नाही.

हनोख उभाच होता. बाबांनी अजून बैस म्हटलं नव्हतं.

खडकीमाळच्या मंडळीचे बाबा चाळीस वर्षं पाळक होते. हनोख त्यांचा शिष्य आणि मंडळीतला उपदेशक. गाव त्याला मास्तर म्हणे. माणूस हुशार, आवाज असा की चर्चच्या मागं बांधलेली जनावरंही रवंथ थांबवत. बाबांनी शिफारसपत्र दिलं की नाताळाआधी त्याला पाळकपदाची दीक्षा मिळणार होती. हे त्याला ठाऊक होतं, आणि ठाऊक असल्याचं त्याच्या चालण्यातही दिसे.

आज तो आठ दिवसांनी परतला होता. तालुक्याला जागृतीच्या सभा होत्या. रिबकाबाईचं काही खरं नाही, लगेच ये, असा निरोप बाबांनी दोनदा धाडला. त्यानं उलट निरोप पाठवला की इथं शंभर जीव देवाकडे वळताहेत, एका म्हातारीसाठी कसा येऊ. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

घडलं होतं ते असं.

या मंडळीत प्रभुभोजनाला बाजारचा पाव कधी आला नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारआधी घरटी एक मूठ ज्वारी गोळा होते. ज्या घराची पाळी, त्या घरची बाई ती दळते आणि एक मोठी भाकर थापते. तीच चर्चमध्ये प्रभूच्या मेजावर जाते, आणि एकेक जण पुढं येऊन आपल्या हातानं तुकडा मोडतो. दुष्काळात मूठ अर्धी झाली, पण पाळी कुणी चुकवली नाही.

त्या रविवारी पाळी रिबकाबाईची होती. तिनं ताट मेजावर ठेवलं तेव्हा तिच्या मनगटावर काळा धागा होता.

हनोखनं तो पाहिला आणि उपदेशाला उभा राहिला. डोळे मिटले, हात उंचावले. आत्मा मला दाखवतो आहे, तो म्हणाला, या भाकरीला भुताखेतांपुढं जोडलेले हात लागले आहेत. जो खाईल तो कोप ओढवून घेईल.

कुणी उठलं नाही. त्या भाकरीत प्रत्येक घरची मूठभर ज्वारी होती, तरी एकाही घरचं माणूस पुढं आलं नाही. बाबांनी एकट्यानं तुकडा मोडला. रिबकाबाई ताटावरचं फडकं तेवढं उचलून निघून गेली.

तेव्हापासून ती पाण्यावर होती.

माह्या हातचं देवाला चालत न्हाई, मंग माह्या तोंडाला कसं चालंल, एवढंच ती म्हणे. तालुक्याच्या डॉक्टरनं सलाईन लावलं, तर सुई उपसून टाकली. दवाखान्यात न्यायला जीप आणली, तर चौकट धरून बसली. बाबा रोज जात, समजावत. पण देव मास्तरांच्या तोंडून बोलला होता. म्हाताऱ्या पाळकाचं आता कोण ऐकतं...

"बैस," बाबा म्हणाले.

हनोख बसला.

"आत्म्यानं दाखवलं?"

"हो."

"धागा दिसायच्या आधी, की नंतर?"

आत्मा डोळ्यांवाटेही दाखवतो, असं त्याला म्हणता आलं असतं. वाक्य तयार होतं, ओठांपर्यंत आलंही. त्याऐवजी तो म्हणाला, धागा तर होता ना. भगताकडे ती गेली होती, हे तर खरं.

"गेली होती," बाबा म्हणाले. "नातीला घेऊन."

मग त्यांनी हातातली पाकळी खाली ठेवली आणि सावकाश सांगितलं. मुलगा आणि सून ऊसतोडीला गेलेली. चार वर्षांची पोर आजीच्या पदरात टाकून गेली होती. तिचा ताप उतरेना. रिबकाबाईनं आधी दवाखाना केला, मग बाबांकडून प्रार्थना करवली, आणि शेवटी नदीपलीकडच्या भगताकडे गेली. भगतानं एक धागा मधोमध तोडला, अर्धा पोरीला बांधला, अर्धा आजीला. चौथ्या दिवशी पोर गेली.

पोर गेल्याचं हनोखला ठाऊक होतं. तिच्या मातीला तोच बोलला होता, आणि लोक हुंदके देऊन रडले होते. पोरीच्या मनगटाकडे मात्र त्यानं पाहिलं नव्हतं.

"धाग्याचं मला कुणी सांगितलं नाही," तो म्हणाला.

"तू विचारलं नाहीस." बाबांनी पुन्हा पाकळी उचलली. "पोरीचा धागा तिच्याबरोबर पेटीत गेला. म्हणून म्हातारी हातातला सोडत नव्हती."

खरं सांगायचं तर हनोखला आधी दया आली नाही, भीती वाटली. म्हातारी गेली तर लोक काय म्हणतील, पत्राचं काय होईल. भीती आधी वाटली याची लाज मागून आली, आणि ती मात्र चांगलीच लागली.

त्या दिवशी तुम्ही मला थांबवलं का नाही, असं त्यानं विचारलं. त्याच्या आवाजात राग होता.

"मी तुकडा मोडला. तेवढ्यानं भागेल असं वाटलं," बाबा म्हणाले. "चुकलो."

हनोख उठला. आत्ता जातो, म्हणाला. तिला सांगतो की आत्म्यानं तिची क्षमा केली आहे, तशी वाणी मला झाली आहे. माझ्या शब्दावर तिचा विश्वास आहे, ती जेवेल.

युक्ती वाईट नव्हती. म्हातारी वाचली असती आणि मास्तरांचं नावही राहिलं असतं.

"झाली आहे वाणी?"

हनोखनं चपला पायात सरकवल्या.

"हनोख. झाली आहे का?"

"नाही."

बाबांनी शिंक्यातून फडक्यात बांधलेलं काहीतरी काढलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. चल, म्हणाले.

रिबकाबाईचं घर चार घरं सोडून होतं. उशाशी शेजारीण बसली होती, ती या दोघांना पाहून बाहेर गेली. म्हातारी गोधडीवर पडली होती. नऊ दिवसांत माणूस इतकं आटतं, हे हनोखनं कधी पाहिलं नव्हतं. धागा सैल होऊन पार कोपराकडे सरकला होता.

तिनं त्याला ओळखलं. डोक्यावर पदर घ्यायला हात हलला, आणि तेवढ्यानंच हनोखला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"रिबकाबाई," तो म्हणाला. आवाज आपोआप तोच आला, व्यासपीठावरचा, घुमणारा. "परमेश्वराचा आत्मा आज तुम्हाला..."

बाबांनी चाचपत त्याचं तोंड शोधलं आणि त्यात भाकरीचा तुकडा कोंबला.

त्याच रविवारची भाकर. नऊ दिवस वाळून तिचं खापर झालं होतं. बाबा रोज ती रिबकाबाईकडे नेत आणि ती तोंड उघडत नाही म्हणून परत आणत.

हनोख चावू लागला. हिरड्या सोलल्या, डोळ्यांत पाणी आलं. थुंकता येत नव्हतं आणि बोलताही येत नव्हतं. म्हातारी त्याच्या तोंडाकडे बघत होती. आपली भाकर मास्तर खातायत हे तिच्या ध्यानात यायला वेळ लागला, आणि आलं तेव्हा ती घाबरली.

"नका," ती पुटपुटली. "मास्तर, नका खाऊ... बाधंल तुमाला."

हनोखनं गिळलं.

मग त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो गावात कुणी ऐकलेला नव्हता. बारीक आणि फाटका.

"मी खोटं बोललो, बाई. मला कुणी काही दाखवलं नव्हतं. धागा दिसला, आणि... लोकांपुढं मोठं व्हायचं होतं मला."

तिनं नजर आढ्याकडे वळवली.

"देव बोलला न्हाई?"

"नाही."

"भाकर चांगली व्हती?"

"चांगली होती."

आता ती तोंड उघडेल असं हनोखला वाटलं. बाबांनाही वाटलं असावं, कारण त्यांनी एक तुकडा पाण्यात भिजवून तिच्या ओठांशी नेला.

तिनं तोंड बाजूला केलं.

"मंग माही पोर कशानं गेली, मास्तर?"

नऊ दिवस तिच्यापाशी निदान एक कारण होतं. आपल्या पापानं पोर गेली, हे कारण. उपाशी राहून ती त्याचीच फेड करत होती. आता हनोखनं तेही तिच्यापासून काढून घेतलं होतं.

या प्रश्नाला लागू पडणारे निदान सात उपदेश त्याला तोंडपाठ होते. त्यानं बाबांकडे पाहिलं. बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते.

तो तिच्याजवळ जमिनीवर बसला. तिचा हात हातात घेतला आणि धागा कोपरापासून खाली ओढून मनगटावर नीट बसवला.

ऊन उंबऱ्यावरून आत आलं आणि चुलीपर्यंत गेलं. बाबा मधूनमधून तो भिजवलेला तुकडा पुढं करत होते, ती घेत नव्हती. एकदा तिनं हनोखची बोटं दाबल्यासारखी वाटली, पण खात्रीनं सांगता येणार नाही. दुपारी, मुलगा आणि सून पोचायच्या आधी, ती गेली.

अंगणात मंडळी जमली. कुणीतरी म्हणालं, मास्तर, तुम्हीच प्रार्थना चालवा. हनोखनं मान हलवली. मग म्हातारीला जे सांगितलं होतं तेच त्यानं सगळ्यांना सांगितलं, त्याच फाटक्या आवाजात. दोघीतिघींनी तोंडाला पदर लावला, आणि एक म्हातारा उठून त्याच्याकडे पाठ करून बसला. पत्राचं जे व्हायचं ते तिथंच झालं.

लोक पेटीच्या खटपटीला लागले. हनोख ओसरीच्या कडेला बाबांजवळ येऊन उभा राहिला.

"बाबा... ती उपाशीच गेली."

"हो," बाबा म्हणाले. "तिच्या हातची भाकर तू जेवलास."