एका डोळ्याचे पोपट

फार फार वर्षांपूर्वी समुद्रकाठी एक राज्य होते. तिथल्या बाजारात परदेशी अत्तरे मिळत, परदेशी चाकू मिळत, आणि त्यांच्या हुबेहूब नकलाही मिळत. नक्कल अर्ध्या किमतीत. मग मुलांनो, अस्सल माल घेणार कोण?

परदेशचे व्यापारी वैतागले. एरवी ते एकमेकांचे तोंडही पाहत नसत, पण नुकसान सोसवेना तेव्हा त्यांनी मिळून एक मंडळ काढले. प्रधानांना मेजवान्या दिल्या आणि एके दिवशी राणीच्या दरबारात हजर झाले. त्यांच्या म्होरक्याने राणीला आपल्या देशातला एक सुंदर रेशमी शेला नजर केला.

"राणीसरकार," तो म्हणाला, "एकाने डोके चालवून नवी वस्तू घडवायची आणि दुसऱ्याने ती आयती उचलायची, हा न्याय नव्हे. नकलेचा माल जप्त करा. घडवणाऱ्याला राखलेत, तर तुमच्या राज्यातही नवे घडेल."

बोलणे खरे होते. राणीला ते पटलेही.

दरबारात एक विणकरीण फिर्याद घेऊन आली होती. तिच्या शेल्यांना आता गिऱ्हाईक उरले नव्हते आणि माग विकायची पाळी आली होती. तिने विचारले, "सरकार, ह्यो कायदा आमालाबी लागू का?"

"अर्थात! सगळ्यांना सारखाच," म्होरक्या मोठ्या उदारपणे म्हणाला.

"मग त्यो शेला उलगडा जरा. काठावरचं पोपट एका डोळ्याचं हायेत का बघा."

दासीने शेला उलगडला. पोपट समोर तोंड करून होते, पण एकालाही दुसरा डोळा नव्हता.

"पयल्यांदा ह्यो काठ इनला, तवा माजी पोर तापानं फणफणली हुती. दुसरा डोळा ऱ्हाऊन गेला. पोर गेली. पुन्यांदा त्यो डोळा भरायला माजा हात धजला न्हाई."

दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, आपल्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, म्हणतात ते काही खोटे नाही! म्होरक्याची मान खाली गेली.

"कायदा मंजूर," राणी म्हणाली. "पहिली जप्ती तुमच्या जहाजांवरच्या शेल्यांची."

म्होरक्याने विणकरणीपुढे हात जोडले. "बाई, पोपटाला दुसरा डोळा का नाही, हे आमच्याकडे कुणी विचारलेच नाही."

त्या दिवसापासून बाजारातल्या नकला हटल्या, आणि बाईचा मागही पुन्हा चालू लागला.

बोध: आपल्या शेताला कुंपण मागणाऱ्याने आधी आपली गुरे दुसऱ्याच्या शेतातून बाहेर काढावीत.