सत्काराची खुर्ची

नगरपालिकेचं जुनं प्रसूतिगृह नऊ वर्षं बंद होतं आणि त्याच्या सज्जाखाली विमल तायडेंची अंगणवाडी भरत असे. सोमवारी सज्जाचा एक तुकडा मुलांच्या चपलांवर कोसळला. विमलताई इमारत पाडण्याचा अर्ज घेऊन थेट स्थायी समितीच्या सभेत गेल्या.

सभापती भाऊसाहेब गरुडांनी अर्ज न वाचताच बाजूला सारला. "इमारत भक्कम आहे आणि पाडायला निधी नाही. बाई, तुम्ही बडबडगीतं शिकवा, इंजिनिअरिंग आमच्यावर सोडा."

सदस्य हसले. विमलताई नुसत्याच परतल्या, तर उद्या बावीस मुलं पुन्हा त्याच सज्जाखाली बसणार होती.

"बरं साहेब," त्या म्हणाल्या, "शुक्रवारी तुमचा वाढदिवस. मुलं तुम्हाला ओवाळतील. तुमची खुर्ची त्या सज्जाखालीच मांडते. वर तुमचा वीस फुटी फलक लावू, समोर ढोलताशा ठेवू."

भाऊसाहेब खुलले आणि लगेच दचकले. "ढोलताशा? तिथे? अहो, सज्जा डोक्यात पडेल माझ्या."

विमलताई सभेचं इतिवृत्त लिहिणाऱ्या कारकुनाकडे वळल्या. "साहेबांचं वाक्य घेतलंत ना?"

"घेतलं, ताई. सभेत बोललेलं सगळंच घ्यावं लागतं."

"मग त्याच्याच खाली लिहा, की इमारत भक्कम असल्याने मुलांनी तिथेच बसावं."

कोणी हसलं नाही. कारकुनाचं पेन कागदावर थांबलं होतं. भाऊसाहेबांनी अर्ज पुन्हा जवळ ओढला आणि त्यावर मंजुरीची सही केली.

शुक्रवारी त्यांचं औक्षण झालं ते समितीच्या याच सभागृहात. इमारत पाडून होईपर्यंत अंगणवाडी आता या सभागृहातच भरणार होती.