करदोट्याची मास्टर किल्ली

पन्हाळ्याच्या लॉजवर मी मॅनेजर झालो आणि पहिल्याच दिवशी, चाळीसही खोल्या उघडणारी मास्टर किल्ली करदोट्याला बांधून टाकली. सुरक्षा म्हणजे सुरक्षा! पण दोरा इतका आखूड, की दार उघडायचं तर कुलपाला पोट लावून पाच-पाच मिनिटं चाचपडावं लागे. तोवर झाडणारी हौसाक्का माझ्यामागे मुकाट उभी असे.

एकदा चौदा नंबरच्या खासनिसांच्या बायकोची पैठणी गेली. कुलूप शाबूत होतं. मी लगेच न्यायाधीश झालो आणि सगळ्यांसमोर हौसाक्काला दरडावलं, "खोली तू झाडतेस. बोल, आत कोण शिरलं?"

ती म्हणाली, "साहेब, तुमची किल्ली कधी अंगावेगळी होती का?"

"अंघोळीलासुद्धा नाही!" मी छाती फुगवून म्हणालो.

"मग मला काय इचारताय?"

खासनिसांनी वळून थेट माझी कॉलर धरली. मी कळवळून ओरडलो, "अगं हौसाक्का, सांग की यांना, मी चोर नाही म्हणून!"

तिनं झाडू भिंतीला टेकवला. "सोडा हो त्यास्नी. दार उघडायला एवढा येळ लावणारा माणूस चोरी काय करणार?"

सकाळी त्यांचंच दार उघडतानाचं माझं चाचपडणं खासनिसांना आठवलं. हसत हसत त्यांनी कॉलर सोडली. पैठणी त्यांच्या बायकोनंच इस्त्रीला दिलेली निघाली.

मी निर्दोष सुटलो आणि किल्ली हौसाक्काच्या हवाली करायला करदोट्याची गाठ सोडू लागलो. पाच मिनिटं लागली. ती मागे मुकाट उभी होती.